केनवडच्या विहारात जपानी भूत

भुताला मी भितो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढच्या हकिकतीत माझी बरीच शोभा होणार आहे, आणि ती गावानं सांगण्यापेक्षा मी स्वतः सांगितलेली परवडली. मी भागवत, केनवडच्या बाजारात माझं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ. दाराला लिंबू-मिरची, गल्ल्यात अंगाऱ्याची पुडी, आणि अमावास्येला दिवस मावळायच्या आत शटर खाली. आमच्या घरात भूत म्हणजे लांबचा पाहुणा. कोणाला लागलं, कोणी उतरवलं, जाताना काय मागून गेलं, हे सगळं जेवताना निघायचं. अशा माणसाच्या दुकानात बसून जपानी भुतांचे खेळ खेळणारी पोरगी माझ्याच नशिबी यावी, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

धम्मदीपा पुंजाजी पडघान तिचं नाव. वाशीमला बीसीए केलं आणि नोकरी लागेपर्यंत म्हणून माझ्याकडे फॉर्म भरायला बसली, ती बसलीच. हात चालतो, तोंड त्याहून चालतं. दुकानात येणारं अर्धं गिऱ्हाईक तिच्यासाठी येतं, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

तिच्या घरात भूत नव्हतं. तिचा आजा छप्पन साली नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला, आणि आल्या आल्या देव्हाऱ्यातले देव, गंडेदोरे, ताईत, उताऱ्याची भांडी, सगळं एका टोपल्यात भरून नदीला सोडून आला. भुतंही त्याच टोपल्यातून गेली म्हणायची. तिचे वडील पुंजाजीभाऊ रिसोड डेपोत कंडक्टर होते. आता निवृत्त आहेत आणि भीमनगरातल्या विहार समितीचे अध्यक्ष आहेत. धम्मदीपा लहान असताना शाळेतल्या मैत्रिणींनी तिला चिंचेवरच्या बाईची गोष्ट सांगितली. पोरगी घरी येऊन विचारायला लागली, तर पुंजाजीभाऊ म्हणाले, त्या बाईचं तिकीट कोणी फाडलं ते आधी विचारून ये. त्यांच्याकडे भुताचा विषय असा संपायचा.

त्यामुळे झालं असं, की पोरीला भीती ही चीजच ठाऊक नाही. रात्री-बेरात्री शेतातून एकटी यायची. एकदा मला म्हणाली, "मामा, भेव म्हंजे काय असते ते मले एकदा पाह्यचं हाय." मी म्हटलं, माझ्या तोंडाकडे पाह्य, फुकटात दिसेल.

लग्नाचे व्हिडिओ जोडायला मी एक भारी कॉम्प्युटर घेतलेला आहे. आषाढ लागला की लग्नं थांबतात आणि तो रिकामा पडतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की धम्मदीपा त्यावर खेळ लावायची. खेळताना वऱ्हाडीत बडबडायची, ते सगळं रेकॉर्ड करायची आणि 'भेव कायचं' नावाच्या आपल्या चॅनेलवर टाकायची. पाहणारे थोडेच. पण जे होते ते जीव लावून पाहायचे. बहुतेक पुण्याकडे नोकरीला गेलेली आपली पोरं, ज्यांना भूत नको होतं, बोली पाहिजे होती.

सुरुवातीला ती अमेरिकेचे खेळ खेळली. तिचं मन लागलं नाही. तिकडचं भूत गोळी घातली की मरतं, मग ते भूत कसलं, असं तिचं म्हणणं. जपानी खेळात हातात बंदूक नसते. एखादी बॅटरी, तीही विझत आलेली. दार लावायचं, पळायचं, आणि शेवटी त्या भुताचं काय राहून गेलं ते शोधायचं. कोणी त्याचं ऐकून घेतलं की ते जातं. मी म्हटलं, आमचं तर नारळ आणि कोंबडं घेतल्याशिवाय जागचं हलत नाही. "तुमचं भूत म्हंजे वसुलीवाला हाय, मामा," ती म्हणाली. मला राग आला.

हळूहळू तिला त्या देशाची ओळख व्हायला लागली, तीही मागच्या दारानं. तिथं घरात शिरताना जोडे उंबऱ्याखाली काढतात. खेळातलं घर ओसाड पडलेलं असलं तरी जोडे ओळीनं लावलेले असतात, आणि भीती त्या जोड्यांची वाटते. गावात म्हातारीच माणसं उरलेली. शाळेला कुलूप. लोक ओरडत नाहीत, दुःख झालं तरी हळूच बोलतात. हे सगळं ती मला फॉर्म भरता भरता सांगायची, आणि मी नको नको म्हणत ऐकायचो.

घोळ झाला तो बुद्धमूर्तीवरून. पुंजाजीभाऊंच्या घरात भिंतीवर जपानच्या पगोड्याचं जुनं कॅलेंडर आहे. साल कधीच उलटून गेलं, पण चित्र चांगलं म्हणून ठेवलेलं. जपान म्हणजे त्यांच्या हिशेबी आपल्यावाल्यांचा देश. बुद्ध मानून माणसं कुठं पोचतात ते पाहायचं तर जपान पाहा, असं ते डेपोतसुद्धा सांगायचे. आणि इथं धम्मदीपाच्या खेळात अंधारं विहार, मधोमध बुद्ध बसलेले, आणि त्यांच्यासमोरून भूत चाललेलं. पोरीनं खेळ तिथंच बंद केला. भुतानं नाही, या गोष्टीनं ती हबकली. घरी जाऊन बापाला विचारलं, बुद्धाच्या देशात भूत कसं काय. पुंजाजीभाऊंनी बराच विचार केला.

"त्यायले बावीस प्रतिज्ञा कोनं देल्याच नाहीत ना," ते म्हणाले. "म्हून राह्यले भूतं."

धम्मदीपानं हे जसंच्या तसं चॅनेलवर सांगितलं आणि जपानी लोकांनाच प्रश्न टाकला, की बाबा हो, बुद्धासमोर भूत कसं हिंडू देता. आता याचं उत्तर जपानमधून येईल असं कोणाला वाटलं होतं. पण आलं. मिनेको नावाच्या एका बाईनं लिहिलं. ती आणि तिचा नवरा दोघं मिळून घरीच छोटे खेळ बनवतात. यंत्रानं केलेल्या भाषांतरातून तिला धम्मदीपाची वऱ्हाडी किती कळली देव जाणे, पण प्रश्न कळला. तिनं लिहिलं, की आमच्याकडे भूत बुद्धाला भीत नाही, ते त्याच्याकडे आसऱ्याला येतं. आणि सोबत स्वतःचा नवा, अजून बाजारात न आलेला खेळ पाठवला. खेळून पाहा आणि काय वाटलं ते सांग, म्हणाली.

खेळ साधा होता. एक बाई आपल्या आईच्या गावी घर बंद करायला येते. गावात कोणी नाही. फक्त एक लहान पोरगं दिसतं. कधी शाळेच्या खिडकीत, कधी विहाराच्या खांबाआड. ते काही करत नाही, नुसतं पाहतं. माझी तर तेवढ्यानंच पाचावर धारण बसली. शेवटी विहारामागं स्मशानाजवळ दगडाची एक बुटकी मूर्ती आहे, पोराएवढी, गळ्यात लाल फडकं बांधलेली. शेजारी पाण्याची बादली, लांब दांड्याची लाकडी पळी आणि भाताची वाटी. मूर्तीवर पाणी घालायचं, भात ठेवायचा, की ते पोरगं जातं आणि खेळ संपतो. कोणीही चुटकीसरशी संपवेल.

धम्मदीपा अडली. भात पाहिला आणि तिनं हात काढून घेतला. मेलेल्यासाठी भात ठेवणं म्हणजे श्राद्ध, आणि श्राद्ध करायचं नाही, पिंडदान करायचं नाही ही तर दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांतली एक. मी म्हटलं, अगं कॉम्प्युटरमधला भात आहे, त्याला ना वास ना वाफ. ती म्हणाली, मी तर कॉम्प्युटरमधली नाही ना. पितृपक्ष चालू होता, मी सकाळीच घरी कावळ्याला पान ठेवून आलो होतो, त्यामुळे मी पुढ्यातले झेरॉक्स मोजायला घेतले. भात सोडून तिनं सगळं करून पाहिलं. शाळेची घंटा वाजवली, जोडे सरळ लावले, गावभर फिरून आली. पोरगं काही हलेना. शेवटी तिनं व्हिडिओत सरळ सांगून टाकलं, की भात मी ठेवणार नाही, भूत राहिलं तर राहू द्या.

या व्हिडिओचा एक तुकडा मात्र गावात पोचला. कोणीतरी तोडून, बोलणं काढून, फक्त चित्र ठेवलं. अंधारात बुद्धमूर्ती, समोर ते पोरगं, आणि कोपऱ्यात धम्मदीपाचं तोंड. तो भीमनगरच्या सगळ्या मोबाइलवर फिरला.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. दर रविवारी सकाळी विहारात धम्मदीपा लहान पोरांचा वर्ग घेते. वंदना, थोडं इंग्रजी, थोडं गणित, भरपूर हसणं. हा वर्ग तिनं एकटीनं उभा केलेला. दुकानातलं काम ती पोटासाठी करते, व्हिडिओ हौसेसाठी. पण रविवार हा तिचा जीव. शनिवारी संध्याकाळी तिचं माझ्या कामात लक्ष नसतं, मी पगार कापायची धमकी देतो आणि ती ऐकत नाही.

त्या रविवारी पोरं आली नाहीत. वच्छलाबाई अंभोरे, विहाराच्या महिला मंडळाच्या बाई, तिथं येऊन उभ्या राहिल्या. त्यांची नात आम्रपाली, घरातली आमू, पहिलीत जाते. आजीच्या मोबाइलवर तिनं तो तुकडा पाहिला आणि तेव्हापासून विहारात यायचं नाव घेतलं की रडायला लागायची. तिच्या तोंडून ऐकून बाकीची पोरंही धास्तावली. वच्छलाबाई भांडल्या नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. "दीपा, आमच्या सात पिढ्या भुताले भेल्या," त्या म्हणाल्या. "आता कुठं एक पिढी बिनभेवाची झाली होती. तू ते भूत आणलं, अन् आणलं तं विहारात आणलं व माय."

बाई खरं बोलत होत्या. पोरगी दुकानात येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली आणि रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, चल, तो खेळ पुसून टाकू. तिनं मान हलवली. पुसून काय होणार, म्हणाली, भेव तर पोरांच्या डोक्यात आहे.

पावसाळ्याच्या तीन महिन्यांचा वर्षावास चालू होता, विहारात रोज संध्याकाळी वाचन असायचं. त्यानंतर समिती बसली. अध्यक्ष बाप, आणि समोर आरोपी पोरगी. पुंजाजीभाऊंनी डेपोत तीस-पस्तीस वर्षं बिनतिकीट माणूस उतरवलेला, तिथं सख्खा मेव्हणाही सोडला नव्हता. वर्ग बंद करावा लागेल असंच ते बोलत होते. तेव्हा धम्मदीपा म्हणाली, बंद करा, पण आधी एकदा तो खेळ पाहून घ्या. सगळ्यांनी, इथंच. पोरंही असू द्या.

"विहारात भूत आणशील?" पुंजाजीभाऊ म्हणाले.

यावर भागिरथाबाई बोलल्या. ही धम्मदीपाची आई, अंगणवाडीत मदतनीस, चारचौघांत फारशी न बोलणारी. "आवो, आणू द्या," त्या म्हणाल्या. "आपून भेत नाही म्हंतो ना. मंग कायले भेऊन राह्यले?"

झालं. पुढच्या रविवारी दुपारी कॉम्प्युटर, प्रोजेक्टर आणि मी असं सगळं सामान विहारात पोचलं. खिडक्यांना सोयाबीन झाकायची ताडपत्री लावली. बुद्धमूर्तीच्या भिंतीवर चित्र पाडायचं नाही, ही पुंजाजीभाऊंची अट. म्हणून बाजूच्या भिंतीवर पाडलं. मोठी माणसं पुढं, पोरं त्यांच्यामागं दाटीवाटीनं, आमू आजीच्या मांडीवर, तोंड पदरात. मी दाराजवळ बसलो. वायर पाहायला, असं सांगितलं.

धम्मदीपानं खेळ सुरू केला. आधी तो रस्ता, मग एक बसथांबा. वेळापत्रकाच्या फळीवर सगळे रकाने कोरे. ती पुढं जाणार तेवढ्यात पुंजाजीभाऊ म्हणाले, थांब. उठून भिंतीजवळ गेले आणि त्या थांब्याकडे पाहत राहिले. मग आमच्याकडे वळून त्यांनी सांगितलं, की ही गाडी बंद झालेली आहे. फळी काढत नाहीत, रकाने पुसतात, आपल्या डेपोतही असंच करायचे. त्यांच्या एका रूटवर शेवटचा थांबा एका तांड्याचा होता. दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला निघून जायचा, आणि महिनोन् महिने त्या थांब्यावर एखादी म्हातारी आणि तिच्याजवळ ठेवून गेलेलं पोरगं, एवढंच दिसायचं. गाडीत बसायचं नसायचं त्यांना. गाडी आली म्हणून पाहायला यायचे. मग डेपोनं ती फेरीच बंद केली. हे सांगून ते खाली बसले, पण आता मांडी ठोकून बसले.

पुढं सगळंच बदललं. खेळातली बाई विहारात शिरायला लागली तसं सगळं भीमनगर एका आवाजात म्हणालं, चप्पल काढ. धम्मदीपानं काढली, तेव्हा कुठं लोकांचं समाधान झालं. बुद्धमूर्ती दिसली, दोघी-तिघींचे हात आपोआप जुळले. आणि मग खांबाआडून ते पोरगं आलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आमू रडत होती, वच्छलाबाई तिला थोपटत होत्या, आणि भागिरथाबाई पुढं सरकून भिंतीकडे निरखून पाहत होत्या, अंगणवाडीत नवीन पोर आल्यावर पाहतात तसं.

"कितीकचं असंल?" त्यांनी विचारलं. "चार-पाच वर्साचं. वजनात तं नाहीच."

कोणीतरी हसलं. आमूनं पदर थोडा बाजूला केला.

शेवटी ती दगडाची मूर्ती आली. पाणी, पळी, भात. धम्मदीपानं माउस सोडून दिला आणि वळून म्हणाली, इथं मी अडले आहे. पुंजाजीभाऊंचा चेहरा कडक झाला. भात त्यांनाही दिसला होता. पण भागिरथाबाईंचं लक्ष पळीकडे होतं.

"हे तं जलदान हाय," त्या म्हणाल्या.

हे तुम्हालाही सांगतो, कारण मलाही तेव्हाच कळलं. भीमनगरात कोणी गेलं की श्राद्ध करत नाहीत, पण जलदान आणि पुण्यानुमोदन करतात. एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी सोडायचं, भरून सांडेपर्यंत, गाथा म्हणायची, आणि आपलं जे काही पुण्य असेल ते गेलेल्याच्या नावे करायचं. पाणी सोडणाऱ्याच्या हाताला घरचे हात लावतात, त्यांच्या खांद्याला मागचे, असं सगळ्यांनी मिळून ते पाणी सुटतं. भात नाही, पिंड नाही, कावळा नाही.

"भात राहू दे बाजूले," भागिरथाबाई पोरीला म्हणाल्या. "तू पानी सोड. सांडेपर्यंत सोडजो."

आणि त्यांनी माउसवरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला. वच्छलाबाई क्षणभर तशाच बसल्या. मग आमूला कडेवर घेऊन उठल्या आणि भागिरथाबाईंच्या खांद्याला हात लावला. त्यांच्या मागं आणखी कोणी. अध्यक्ष सगळ्यात शेवटी उठले. भिंतीवर पळीनं पाणी पडत होतं, दगडावरून खाली ओघळत होतं. पुंजाजीभाऊंनी गाथेला सुरुवात करायची म्हणून घसा साफ केला आणि थांबले.

"नाव काय याचं?" त्यांनी विचारलं.

नावाशिवाय पुण्य कोणाच्या खात्यावर टाकायचं. धम्मदीपा म्हणाली, खेळात नाव दिलेलंच नाही. माणसाच्या मागं पाणी सोडायला कोणी उरलं नाही हे एक वेळ समजतं, पण नावही उरलं नाही, हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाला लागलं असावं. शेवटी पुंजाजीभाऊ म्हणाले, ज्याचं नाव आपल्याला मालूम नाही त्या पोराला. आणि गाथा झाली. सगळ्यांच्या तोंडची, पोरांच्यासुद्धा.

ते पोरगं गेलं नाही. खेळात भात सांगितलेला, गाथा त्याला काय कळणार. होतं तिथंच उभं राहिलं आणि पाहत राहिलं. वच्छलाबाई जरा नाराजीनं म्हणाल्या, नाही गेलं. "राहू द्या ना," भागिरथाबाई म्हणाल्या. "एवढंसं कुठं जाईल?"

ताडपत्र्या निघाल्या, ऊन आत आलं. मला वाटलं झालं, वर्ग वाचला. पण पुंजाजीभाऊ कंडक्टर माणूस. ते म्हणाले, आपण मोठ्यांनी पाणी सोडलं, बरं केलं. पण भ्यालेली पोरं होती. पुढच्या रविवारी पोरं आपल्या पायानं आली तर वर्ग राहील. ओढून आणायचं नाही, खाऊचं आमिष दाखवायचं नाही. नाही आली तर कुलूप. धम्मदीपानं हो म्हटलं.

त्या आठवड्यात तिनं दुकानात एकाचा फॉर्म दुसऱ्याच्या नावानं भरला आणि मी ओरडलो नाही, यावरून काय ते समजा. विहारातल्या त्या दुपारचा व्हिडिओ तिनं मिनेकोला पाठवला होता आणि पोराचं नाव विचारलं होतं. मधल्या वारी उत्तर आलं. मिनेकोनं लिहिलं होतं, की तशी मूर्ती तिच्या आईच्या गावात खरंच आहे. कुठल्याशा गेलेल्या लेकरासाठी कोणीतरी बसवली. कोणासाठी, ते सांगणारं गावात आता कोणी राहिलं नाही. नाव तिलाही ठाऊक नाही. त्या दगडावर इतक्या जणांनी मिळून पाणी घातलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तो व्हिडिओ पाहून तिनं आणि तिच्या नवऱ्यानं खेळ बदलायला घेतला. भात राहील, ज्याला ठेवायचा त्यानं ठेवावा. पण नुसतं पाणी भरून सांडेपर्यंत घातलं तरी आता पोरगं जाईल. धम्मदीपानं मला हे वाचून दाखवलं आणि म्हणाली, "मामा, त्यायनं मले काही पटवलं नाही, अन् म्याही त्यायले नाही पटवलं. तरी जमलं पाह्य." ती खूश होती, पण तिचे डोळे रविवारकडे होते.

रविवारी मी दुकान उशिरा उघडलं आणि विहारात जाऊन बसलो. वायर वगैरे काही पाहायची नव्हती. सतरंजी अंथरलेली, धम्मदीपा फळ्यासमोर, भागिरथाबाई दाराशी. पुंजाजीभाऊ बाहेर कट्ट्यावर, मुद्दाम रस्त्याकडे पाठ करून. वेळ होऊन गेली तरी कोणी नाही. धम्मदीपानं फळा पुसला, तो कोराच होता, तरी पुन्हा पुसला. मग दोन पोरं आली. मग चार. चपला काढण्यावरून भांडत आणखी काही. आमू नव्हती. तिच्यापासून सगळं सुरू झालेलं, त्यामुळे बाकी सगळी आली तरी धम्मदीपाचं लक्ष दाराकडेच राहिलं.

वंदना सुरू होणार तेवढ्यात ती आली. आजी फाटकाशीच थांबली होती. पोरगी एकटी आत आली. उंबऱ्यावर उभी राहून तिनं सगळं विहार पाहून घेतलं, खांब, कोपरे, खिडक्या. मग येऊन सतरंजीच्या टोकाला बसली आणि वर पाहून विचारलं, "त्या पोट्ट्याचं नाव समजलं का, ताई?"

धम्मदीपानं खरं ते सांगितलं. नाव कोणालाच ठाऊक नाही, त्याच्या गावात सांगणारं कोणी नाही. पोरं लगेच नावं सुचवायला लागली, एकच गलका झाला. आमू त्यांच्यात नव्हती. ती विचार करत होती.

"त्याच्या मायनं ठेवलंच असंल ना," ती म्हणाली. "आपून कायले बदलाचं? इथं आला का त्यालेच इचारू."

आणि बसल्या बसल्या बाजूला सरकली. शेजारच्या पोरालाही तिनं कोपरानं ढकललं, आणि सतरंजीवर एकाच्या बसण्याएवढी जागा केली. धम्मदीपानं तोंड फळ्याकडे वळवलं. वंदना जरा उशिरा सुरू झाली.

आवाज ऐकून पुंजाजीभाऊ आत आले. त्यांची नेहमीची जागा भिंतीशी, आणि वाट नेमकी त्या रिकाम्या जागेवरून जात होती. ते तिथवर आले, थांबले, ती जागा सोडून पलीकडून वळसा घालून गेले आणि माझ्याशेजारी येऊन बसले. मला राहवलं नाही. मी त्यांच्या कानाशी लागून हळूच विचारलं, काय भाऊ, भूत नसते ना?

"नसतेच, भागवत," ते म्हणाले. "पोट्टं हाय ते."